शक्ती पाहून तप



श्रावण सरत आला की आमच्याकडं फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. "यंदा दशलक्षणात काय धरणार?" परवा धाकट्या जावेनं विचारलं, काल कुरुंदवाडच्या एका वहिनींनी. कोणी दहा दिवस एकासन धरणार, कोणी अष्टमी-चतुर्दशीला निर्जळ, कोणी सोळाकारणाचं महिनाभराचं व्रत. ऐकून बरंच वाटतं. पण एकीनं दुसरीला "बाई गं, तुझं हिमोग्लोबिन किती आहे?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. यंदापासून मी विचारायला लागले आहे. दोघी-तिघींना राग आला. "शुभ कार्याच्या वेळी दवाखान्याचं कशाला काढतेस?" असं एकीनं तोंडावर सांगितलं. हे लिहिणं मुख्यतः तिच्यासाठी.

माझंच सांगते. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी दहा दिवसांचं एकासन धरलं होतं. त्याच वेळी जवळच्या गावात महाराजांचा चातुर्मास होता आणि चौक्याची पाळी आमच्या घराण्याकडं. पहाटे साडेतीनला उठायचं, अंघोळ करून सोवळ्यात विहिरीवर जायचं, पाणी काढून गाळायचं, जिवाणी परत विहिरीत सोडायची, मग पीठ, भाजी, दूध, सगळं शोधून निवडून करायचं. आहार निरंतराय झाला की डोळ्यांत पाणी यायचं, ते समाधान खोटं नव्हतं. मग घरी येऊन सासूबाईंचं, मुलांचं, आणि दुपारी माझं एकासन. त्यात वाडीत घर म्हटल्यावर दत्तदर्शनाला आलेले पाहुणे चुकत नाहीत. पौर्णिमेला तर कोण कुठल्या खोलीत झोपलंय ते मलाच माहीत नसतं.

सातव्या दिवशी, म्हणजे नेमकं उत्तम तपाच्या दिवशी, मी स्वयंपाकघरात पडले. कपाळाला ओट्याची कड लागली. जयसिंगपूरला नेलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.१. बाईमाणसाचं किमान १२ तरी हवं. डॉक्टर बाईंनी विचारलं, "जिना चढताना धाप कधीपासून लागते?" मी म्हटलं, "ती तर लागतेच की." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. धाप लागणं हा आजार असतो हे मला खरंच वाटलं नव्हतं. माझ्या आईला लागायची, सासूबाईंना लागायची. चाळिशीनंतर पाळीला जास्त जातं, हेही मी बाईपणाचा भाग म्हणून सोडून दिलं होतं.

आणि ही गोष्ट फक्त माझी नाही. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्या बस्तीत पूजेला बसलेल्या ओळीकडं बघून मनात मोजा.

आता जे लिहायला जड जातं ते. मी ते एकासन आत्मशुद्धीसाठीच धरलं होतं का? थोरल्या जावेनं आदल्या वर्षी माझ्यापेक्षा कडक व्रत केलं होतं. शेवटच्या दिवशी तपस्वींची नावं माइकवर वाचतात, पुढं बोलावून सत्कार करतात, त्यात माझं नाव नव्हतं. तप सातव्या दिवशी येतं. उत्तम मार्दव त्याच्या आधी, दुसऱ्याच दिवशी होऊन गेलं होतं, त्याच्यावरचं प्रवचनही मी मान डोलवत ऐकलं होतं. मान अजून ताठच होती.

"शरीर परकं आहे, आत्मा वेगळा आहे, मग देहाचे एवढे लाड कशाला?" असं आपल्याकडं लगेच म्हणतात. भेदविज्ञान मलाही मान्य आहे. पण शेजारणीकडून मोठं पातेलं आणलं तर आपण ते आपल्या पातेल्यापेक्षा जपून वापरतो. घासून, पुसून, वेळेवर परत करतो. परकं आहे म्हणून पोचे पाडत नाही.

शास्त्रातही हेच आहे, फक्त आपण नावं पाठ करतो आणि पुढं जातो. षोडशकारण भावना घ्या. सहावी शक्तितस्त्याग, सातवी शक्तितस्तप. त्याग आणि तप दोन्हींच्या आधी 'शक्तितः' हा शब्द घातलेला आहे. आपल्या शक्तीनुसार. शक्ती लपवायची नाही हे खरंच, आणि ते आपल्याला सगळ्यांनी भरपूर शिकवलंय. पण नसलेली शक्ती दाखवायचीही नाही, हे कोणी सांगत नाही. आणि शक्ती किती आहे ते कळायला एकदा स्वतःकडं बघावं लागतं. रक्त तपासणं हा मला त्या 'शक्तितः'चाच भाग वाटतो.

बाह्य तपाची नावं आठवा. पहिलं अनशन, दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. मग वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग. तपाचे सहा बाहेरचे आणि सहा आतले प्रकार असताना आपल्या सत्काराच्या यादीत फक्त उपास का? महिनाभर कोणाला टाकून बोलले नाही, म्हणून एखाद्या बाईला पाटावर बसवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. आतल्या सहांत वैयावृत्त्य आहे, आजारी साधर्मीची सेवा. आपण महाराजांचं, माताजींचं, सासू-सासऱ्यांचं सगळ्यांचं वैयावृत्त्य करतो, आणि घरातल्या ज्या बाईला सगळ्यात जास्त अशक्तपणा आहे तिचं कोणीच करत नाही, तीही करत नाही.

समंतभद्राचार्यांची कथा तुम्हाला माहीत असेल. आपण श्रावकांचा आचार ज्यात वाचतो ते रत्नकरंड श्रावकाचार लिहिणारे हेच. परंपरेत सांगतात की मुनी असताना त्यांना भस्मक व्याधी झाली. कितीही खाल्लं तरी भूक शमेना, आणि मुनींना तर दिवसातून एकदाच आहार. त्यांनी गुरूंकडं सल्लेखनेची आज्ञा मागितली. गुरूंनी दिली नाही. अजून तुझ्या हातून धर्माचं पुष्कळ काम व्हायचं आहे, मुनिवेष उतरव आणि आधी बरा हो, अशी आज्ञा केली. त्यांनी वेष उतरवला, एका शिवमंदिरातल्या नैवेद्यावर पोट भरलं, बरे झाले आणि पुन्हा दीक्षा घेतली. ही कथा आपल्याला नेहमी स्तोत्राच्या आणि चंद्रप्रभ भगवंतांच्या चमत्कारासाठी सांगतात. मला मात्र ते गुरू आठवतात. एवढ्या मोठ्या साधूला "आधी बरा हो" म्हणणारे. आपल्याला असं म्हणणारं घरात कोण आहे?

मोबाईलवर 'सेल्फ केअर' म्हणून जे दाखवतात ते मला पटत नाही, हेही स्पष्ट सांगते. सुगंधी मेणबत्त्या, चेहऱ्याला लावायचे मास्क, महागड्या बाटल्या. जिला आधीच वेळ नाही तिच्या डोक्यावर आणखी एक खरेदीची यादी. आपल्या परिग्रह-परिमाणात ते बसतही नाही. पण ते पटत नाही म्हणून स्वतःकडं बघायचंच नाही, हा उलटा न्याय झाला.

मला माझी खरी विश्रांती सापडली ती महापुरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेनं वाडीला वेढा घातला तेव्हा आम्ही जयसिंगपूरला नातेवाइकांकडं गेलो. काळजी होती, उसाची, घराची, जनावरांची. पण दुसऱ्याचं घर, स्वयंपाक त्यांच्या हातात, मला काम नाही. पहिल्या दिवशी हात शिवशिवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिकाला बसले आणि पूर्ण दोन घटका, ४८ मिनिटं बसले. लग्नानंतर पहिल्यांदा. घरी माझं सामायिक म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये बसवलेलं. तिथं नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग सत्तावीस श्वासांत नीट झाला, एका णमोकाराला तीन श्वास. श्वास लांबला तसं जाणवलं की छाती कायम आवळलेली असते. पूर ओसरला, घरी आले, गुडघाभर चिखल उपसला आणि सामायिक पुन्हा कुकरच्या शिट्ट्यांत गेलं. तेव्हाच जागी झाले असते तर पुढचं पडणं टळलं असतं.

शिरोळ तालुक्यातल्या बायकांना क्षारपड जमिनीचं सांगायला नको. उसावर ऊस, पाण्यावर पाणी, मग जमिनीवर पांढरं फुटतं आणि गवतही उगवत नाही. आता खाली भोकांच्या पाइपा टाकून खारं पाणी नाल्याला काढतात आणि तीच जमीन पुन्हा पिकाला येते. प्रतिक्रमण माझ्यासाठी तो निचरा आहे. रात्री दिवसभराचा राग, कोणाचं बोलणं, आपलं बोलणं आठवून काढून टाकायचं. मी ते पुस्तक समोर न घेता, माझ्या शब्दांत करते. चुकत असेल तर जाणत्यांनी सांगावं.

पूर्वी बायका चार दिवस बाहेर बसायच्या. त्या प्रथेची बाजू मी घेत नाही, त्यात अपमानही होता. पण प्रथा गेली तशी ती विश्रांतीही गेली, आणि तिच्या जागी आपण काही ठेवलं नाही.

आता खाण्याचं, कारण हे विचारणाऱ्या जास्त असतात. चातुर्मासात पालेभाजी बंद, मग लोह कुठून, असं म्हणून हात टेकू नका. हरभरा, मसूर, मटकी, नाचणी, तीळ, अळीव, खजूर आपल्याला चालतात. भाजी लोखंडी कढईत करा. जेवणात लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, तो उलटं करतो. हे मला सर्वांत अवघड गेलं. बी-१२ मात्र धान्य-भाजीत नसतं, दूध-दह्यातून थोडं मिळतं, कमी निघालं तर औषध घ्यावंच लागतं. आणि औषधाबद्दल एक. मला पहिल्यांदा कॅप्सूल लिहून दिली होती. त्याचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं असतं हे कळल्यावर मी गुपचूप डबी कपाटात ठेवून दिली आणि दोन महिने काहीच घेतलं नाही. असं करणाऱ्या आपल्यात कितीजणी असतील! डॉक्टरांना सरळ सांगा, गोळी किंवा सिरप मिळतं. सूर्यास्ताआधी घेता येईल अशी वेळही बांधून मिळते. लाजायचं काय त्यात?

मागच्या वर्षी दशलक्षणात मी एकही पूर्ण उपास केला नाही. रोज अवमौदर्य, एका रसाचा त्याग, दोन वेळा सामायिक, तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय, आणि दुपारी अर्धा तास आडवं होणं. आडवं होताना पहिले दोन दिवस चोरी केल्यासारखं वाटलं. माइकवर नाव आलं नाही. क्षमावणीला सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "यंदा तू चिडली नाहीस." हिमोग्लोबिन ११.४ आहे.

धाकट्या जावेला काल दुपारी मीच गाडीवर बसवून रक्त द्यायला नेलं. येताना तिनं विचारलं, "कमी निघालं तर व्रत नाही करायचं का?" रिपोर्ट शनिवारी येणार आहे. तो हातात घेऊन, काय धरायचं ते दोघी बसून ठरवणार आहोत.