चूक दाखवील त्यास बक्षीस



आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आज पुण्यास, बंगळूरास वा हैदराबादेस संगणकाच्या नोकरीत आहेत. सणासुदीस ती घरी आली म्हणजे आईवडील त्यांच्या कामाची चौकशी करतात आणि उत्तर ऐकून गप्प राहतात. सुताराने केलेला दरवाजा नीट बसतो की नाही, हे कोणासही दिसते. पण प्रोग्रॅम, म्हणजे यंत्राने पाळावयाच्या आज्ञांची यादी, लिहिणाऱ्याचे काम चांगले की वाईट, हे ओळखावे तरी कशावरून? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस त्या व्यवसायातील एका थोर कारागिराची आठवण झाली. त्याची नित्याच्या कामातील मते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डोनाल्ड कनुथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी शहरी एका लुथरपंथी कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. ते देवळात ऑर्गन वाजवीत आणि जोडीस लहानसा छापखाना चालवीत. शिकवणे, संगीत आणि छपाई ही तिन्ही वेडे मुलाने उचलली. १९५६ साली महाविद्यालयात जाताना संगीत की पदार्थविज्ञान, असा पेच त्यांना पडला. त्यांनी पदार्थविज्ञान घेतले, आणि तेथे त्यांची गाठ आयबीएम ६५० नावाच्या संगणकाशी पडली. गरगर फिरणाऱ्या एका नळकांड्यावर त्या यंत्राचे सारे स्मरण साठे, आणि त्यात उण्यापुऱ्या २,००० संख्या मावत. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतील नमुन्याचे प्रोग्रॅम वाचून या विद्यार्थ्यास वाटले, की याहून चांगले आपण लिहू शकू. तो रात्री-रात्री यंत्रापाशी बसू लागला. पुढे १९६८ पासून त्यांचा ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा महाग्रंथ खंडशः प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा तो त्यांनी याच यंत्रास प्रेमाने अर्पण केला. हत्यारावर अशी माया शेतकऱ्यास आणि सुतारास नवी नाही.

कनुथ यांचे पहिले मत असे, की प्रोग्रॅम हा यंत्रास दिलेला हुकूम असला, तरी तो मुख्यतः माणसाने वाचावा म्हणून लिहावा. १९८४ साली त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. लिहिणाऱ्याने आपण काय योजिले व का योजिले, हे निबंधासारखे उलगडून सांगावे आणि यंत्राच्या आज्ञा त्यातच ओवाव्यात, ही त्यांची रीत. आज लिहिलेले काम दहा वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या हाती दुरुस्तीस जाणार असते. विहीर खणणाऱ्याने झरा कोठे लागला हे सांगून ठेवले, तर पुढच्याचे श्रम वाचतात. तसेच हे आहे.

दुसरे मत उतावळेपणाविषयी. प्रोग्रॅम वेगाने चालावा म्हणून आरंभापासून जेथे तेथे काटछाट करू नये, असे त्यांनी १९७४ साली बजावले. आधी काम बरोबर व्हावे; मग वेळ खरोखर कोठे जातो ते मोजावे, आणि तेवढीच जागा सुधारावी. स्वतःच्या विद्वत्तेवरही त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. एकदा एक प्रोग्रॅम सहकाऱ्यांकडे धाडताना, आपण तो गणिताने बरोबर ठरविला आहे, पण चालवून पाहिलेला नाही, तेव्हा जपून राहा, असा इशारा त्यांनी दिला होता.

यंत्रांविषयीही ते परखड बोलत. अलीकडे एका संगणकात एकाऐवजी अनेक गाभे बसवितात; आपल्या मोबाइलमध्येही ते असतात. २००८ सालच्या एका मुलाखतीत कनुथ यांनी यावर नाराजी दाखविली. यंत्र घडविणाऱ्यांच्या कल्पना संपल्या असून, यंत्र वेगवान न झाल्याचा दोष ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या माथी मारीत आहेत, असा त्यांचा रोख होता. एका नांगरास आठ बैल दिले आणि जुंपायचे कसे ते शेतकऱ्यावर सोडले, तर तो जसा वैतागेल, तसेच हे. या मताशी अनेक जाणकार सहमत नाहीत. आपले मोलाचे लेखन ते त्या काळी इंटरनेट न जोडलेल्या संगणकावर ठेवीत. पहिला मसुदा तर पेन्सिलीने कागदावरच. आणि ई-मेल? १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ते वापरणेच सोडले. सखोल अभ्यासास अखंड वेळ हवा, हे त्याचे कारण.

१९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. छपाईची जुनी रीत जाऊन नवी आली होती, आणि अक्षरे इतकी ओबडधोबड उमटली होती, की कनुथ यांना ती पाहवेनात. त्यांनी ग्रंथ बाजूस ठेवून अक्षरजुळणीचा स्वतःचाच प्रोग्रॅम लिहिला. त्याचे नाव ‘टेक’. वर्षभरात संपेल असे वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले, आणि शेवटी ते त्यांनी जगास फुकट देऊन टाकले. आजही जगभरचे गणिती आपले लेख त्यावर जुळवितात. त्यांच्याच ‘मेटाफॉन्ट’ या जोडसाधनाने नेदरलंडमधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी देवनागरी अक्षरे घडविली. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील राशोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले होते, हे जाणणाऱ्या वाचकास या गोष्टीचे मोल अधिक वाटेल.

संगीत त्यांनी सोडले नाही. स्टॅनफर्ड येथील घरी त्यांनी आठशेंहून अधिक नळ्यांचा ऑर्गन बसवून घेतला. १९७७ साली त्यांनी गाण्यांवर एक विनोदी पण बिनचूक गणिती लेख लिहिला. गाणे पाठ करण्यास किती स्मरण लागते, हा त्याचा विषय. पूर्वजांनी ध्रुवपदाचा शोध लावून डोक्यावरचा भार हलका केला, आणि आजच्या काही गाण्यांनी तर एकच ओळ घोळवून तो जवळजवळ नाहीसाच केला, असे त्यांनी सप्रमाण दाखविले! आपल्या गायनवृंदातील बायामाणसे न वाचता भक्तिगीते कशी म्हणतात, याचेही रहस्य यातच आहे. पुढे प्रकटीकरणाच्या पुस्तकातील २२ अध्यायांवर त्यांनी ऑर्गनची दीर्घ रचना केली. तिचे पहिले वादन १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ८०व्या वाढदिवशी, स्वीडनमधील पीतेओ येथे झाले.

आता बक्षिसाची गोष्ट. ग्रंथात कोणी चूक दाखविली, तर कनुथ त्यास २ डॉलर ५६ सेंटांचा चेक पाठवीत. हा आकडा का? आपण दहादहांनी मोजतो, तर संगणकवाले सोळासोळांनी मोजणे सोयीचे मानतात. सोळा आण्यांचा रुपया आठवणाऱ्या वडीलधाऱ्यांस हे सहज कळेल. सोळा सोळे दोनशे छप्पन्न. म्हणून त्यांच्या हिशेबी २५६ म्हणजे पुरे शंभर. ‘टेक’मधील चुकीचे बक्षीस ते वर्षोवर्षी दुप्पट करीत गेले, ते ३२७ डॉलर ६८ सेंटांवर थांबले. पुष्कळांनी चेक न वटविता चौकटीत बसवून भिंतीवर टांगले. बँकखात्यांच्या फसवणुकीच्या भीतीने २००८ पासून खऱ्या चेकऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र जाऊ लागले, तरी ते मिळविण्याची हौस कमी झाली नाही.

ह्या माणसास १९७४ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च असे ट्युरिंग पारितोषिक मिळाले होते. ज्यास कोणी चूक दाखविण्याचे धाडस करू नये, एवढा त्याचा अधिकार. आणि तोच पैसे देऊन चुका मागत होता. प्रथम विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथेच सापडते. प्रोग्रॅम लिहिणारा कसा आहे, हे त्याच्या पगारावरून कळत नाही. त्याचे लेखन दुसऱ्यास वाचता येते काय, आणि कोणी चूक काढली तर तो काय करतो, हे मुलास विचारा; त्याचे काम तुम्हांस उमगू लागेल.

पण ही कसोटी केवळ नोकरीवरच्या मुलांस नाही. दूध सोसायटीच्या वहीतील बेरीज चुकली, असे दहा वर्षांच्या पोराने सांगितले, तर आपल्या घरी त्यास काय मिळते? बहुधा, “मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस!” ज्या मुलास लहानपणी चूक दाखविल्याबद्दल धपाटा मिळाला, तो पुढे स्वतःची चूक कोणास दाखवील? रुग्णालयाची यंत्रे, रेल्वेचे सिग्नल व बँकेतील आपली शिल्लक हे सारे उद्या त्याच्याच हातच्या प्रोग्रॅमवर चालणार असते. तेव्हा, वाचकहो, पुढच्या वेळी पोराने बेरीज तपासली आणि ती खरोखर चुकलेली निघाली, तर दोन डॉलर राहोत, दोन रुपये तरी त्याच्या हातावर ठेवा आणि वहीतला आकडा त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्या.