उंदरातली गाठ नाहीशी झाली, या बातमीचा तुमच्यासाठी अर्थ काय?

‘नव्या औषधाने उंदरांमधील कर्करोगाची गाठ गायब’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली, की रुग्णाच्या घरात पहिला प्रश्न असतो: हे औषध आपल्याला कधी मिळेल? त्याआधी दुसरा प्रश्न विचारा: गाठ मोजली कशी?

जुनी पद्धत

त्वचेखालची गाठ कॅलिपरने मोजतात. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले 2, हे सूत्र. रुंदी 10 मिमीऐवजी 11 मिमी नोंदली गेली, तर गाठ कागदावर 21 टक्क्यांनी वाढते! यकृत, स्वादुपिंड किंवा मेंदूतील गाठीपर्यंत तर कॅलिपर पोहोचतच नाही. तिथे ठरावीक दिवसांनी काही उंदीर मारून गाठ पाहावी लागते, म्हणजे दर वेळी वेगळे उंदीर.

आता काय बदलते आहे?

मोठ्या एमआरआयला द्रव हेलियमने थंड ठेवलेले चुंबक आणि खास खोली लागते. सुमारे 1 टेस्लाचे स्थायी चुंबक वापरणारी छोटी यंत्रे हेलियमशिवाय, साध्या प्रयोगशाळेत चालतात. सोनोग्राफी त्याहून स्वस्त, पण ती करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. या यंत्रांत फार बारीक गाठी सुटू शकतात. मोठा फायदा असा, की तोच उंदीर औषधाआधी आणि नंतर पुन्हा पुन्हा तपासता येतो. प्राणी कमी लागतात आणि निष्कर्ष अधिक भरवशाचे होतात.

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मोनोक्लोनल अँटिबॉडी औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. जे प्रयोग उरतील, त्यांत प्रत्येक प्राण्याकडून जास्तीत जास्त माहिती मिळणे म्हणूनच महत्त्वाचे.

तरीही उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे

मे 1998 मध्ये डॉ. ज्युडा फोकमन यांच्या औषधांनी उंदरांतील गाठी नाहीशा झाल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. जगभर आशा पल्लवित झाल्या. पुढे अमेरिकेत रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. मोजमाप अचूक असले, तरी माणसाचे शरीर वेगळेच असते.

तुम्ही काय कराल?

- बातमीतील प्रयोग प्राण्यांवर झाला की माणसांवर, ते आधी पाहा.
- माणसांवर असेल, तर चाचणी कितव्या टप्प्यात आहे, हे डॉक्टरांना विचारा.
- अशा बातमीच्या भरवशावर सुरू असलेली केमोथेरपी किंवा रेडिएशन थांबवू नका, पुढेही ढकलू नका.

उंदराची गाठ थांबून मोजता येते. तुमच्या उपचारांना थांबायला वेळ नसतो.