युइंगला काढलं, म्हणजे वंशवाद झाला?

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने पॅट्रिक युइंग यांना बास्केटबॉलच्या प्रशिक्षकपदावरून काढलं. आपल्यातले काहीजण अजूनही म्हणतात, "काळा होता म्हणून काढला." मला हे अजिबात पटत नाही.

आकडे बघा. २०२१ मध्ये त्यांच्या संघाने बिग ईस्ट स्पर्धा जिंकली, हे खरं. पुढच्या हंगामात त्याच बिग ईस्टमध्ये सामने १९, पराभव १९. तरी विद्यापीठाने जाहीर पाठिंबा देऊन त्यांना ठेवलं. नंतरच्या हंगामात ७ विजय, २५ पराभव. मग काढलं, आणि त्या जागी आलेले एड कूली हेही काळेच. उलट युइंग यांना एक वर्ष जास्तच मिळालं. १९८४ चं राष्ट्रीय विजेतेपद खेळाडू म्हणून त्यांनीच मिळवून दिलं होतं ना! पण कॉलेजच्या पोराला खेळायला जेमतेम चार हंगाम मिळतात. त्यातले दोन कुणाच्या तरी जुन्या पुण्याईवर गेले, ते कोण भरून देणार? त्या संघातली बहुतेक पोरंही काळीच होती.

युइंग यांनी वंशवाद भोगलाय. विद्यार्थी असताना त्यांच्यावर केळ्याची सालं फेकली जात, 'याला वाचता येत नाही' असे फलक झळकत. त्या अपमानाचा हिशोब गोऱ्या अमेरिकेने द्यायचाच आहे. पण १९ पराभवांचं ते उत्तर नाही.

आता नोलन रिचर्डसन यांच्याकडे या. आर्कान्सा विद्यापीठात १७ वर्षं, १९९४ चं राष्ट्रीय विजेतेपद, १९९५ ला पुन्हा अंतिम सामना. २००२ मध्ये एक हंगाम फिका गेला. पत्रकारांसमोर ते चिडून बोलले की माझे पैसे द्या आणि उद्याच नोकरी घ्या. आणि हेही बोलले की माझ्या कातडीमुळे मला वेगळं वागवलं जातं. काही दिवसांत हकालपट्टी. कोर्टात ते हरले. पुढे २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाने मैदानाला त्यांचं नाव दिलं! आधी हाकलायचं आणि नंतर नावाची पाटी लावायची, हा खेळ आपल्याला नवा नाही. कोर्ट काहीही म्हणो, मला तिथे रंग दिसतो, कारण १७ वर्षांचं काम एका हंगामाने आणि एका वाक्याने पुसलं गेलं.

दोघेही काळे, दोघांनाही काढलं. दोन्हीकडे एकच घोषणा दिली, तर रिचर्डसन यांच्यावरचा अन्यायही लोक गंभीरपणे घेणार नाहीत. सवर्णांचं 'मेरिट' म्हणजे आपल्यासाठी वेगळी फूटपट्टी, हे आपण रोज सांगतो. मग 'आपला माणूस' म्हटल्यावर आपण फूटपट्टीच खिशात का घालतो?

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं. आपण त्या भाषणाच्या फ्रेम करतो आणि दहा-दहा वर्षं एकही शिबिर न घेणाऱ्या अध्यक्षाला पुन्हा हार घालतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "त्यांनी नामांतरात लाठ्या खाल्ल्यात." खाल्ल्यात, मान्य. जयंतीला त्यांचा सत्कार करू, पहिल्या रांगेत बसवू. पण वसतिगृहातली पोरं कुणाच्या हाती द्यायची हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे. नेमणुकीच्या दिवशीच लिहून ठेवा: काम काय, मुदत किती, आणि जमलं नाही तर कधी उठायचं.