प्रशिक्षक बदलला की विजेतेपद मिळतं का?



संघ हरला की सगळ्यात आधी बोट कुणाकडे जातं? प्रशिक्षकाकडे. "कोच बदला, मग बघा!" हे वाक्य जगात सगळीकडे ऐकू येतं. पण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलइतकं ते क्वचितच कुठे खरं करून दाखवलं जात असेल. म्हणून आज त्याच खेळाचं उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करू.

आधी थोडी माहिती. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, रग्बीच्या कुळातला हा खेळ आहे. सर्वोच्च गटात १३० पेक्षा जास्त कॉलेजं खेळतात. तिथल्या अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, तर विद्यापीठाचा कोच असतो! एवढा पैसा दिला की अपेक्षाही तेवढीच वाढते. त्यामुळे दरवर्षी हंगाम संपता संपता अनेक कोच घरी जातात.

मग याचा फायदा होतो का? होतो, हे आधी मान्य करू. अलाबामा विद्यापीठाने २००७ मध्ये निक सेबन यांना आणलं. पहिल्या वर्षी ७ विजय आणि ६ पराभव, म्हणजे काही खास नाही. पण २००९ मध्ये संघ एकही सामना न हरता विजेता झाला आणि २०२० पर्यंत सेबन यांनी तिथे एकूण ६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. इंडियानाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. इतिहासात सर्वाधिक पराभव नावावर असलेल्या संघांमध्ये त्याची गणना व्हायची. २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. मग कर्ट सिग्नेटी आले. २०२४ मध्ये ११ विजय, २ पराभव आणि त्याच्या पुढच्या हंगामात थेट राष्ट्रीय विजेतेपद. ही उदाहरणं पाहून कुणालाही वाटणारच, की बदला कोच!

पण आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. नेब्रास्काचे टॉम ऑस्बॉर्न १९७३ मध्ये मुख्य कोच झाले. त्यांचा संघ दरवर्षी किमान ९ सामने जिंकायचा, पण राष्ट्रीय विजेतेपद हुलकावणी द्यायचं. पहिलं विजेतेपद मिळालं १९९४ मध्ये, म्हणजे बाविसाव्या हंगामात! पुढे १९९५ आणि १९९७ मध्येही मिळालं. त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक सोलिच यांना २००३ मध्ये ९ विजय, ३ पराभव अशी कामगिरी असताना काढून टाकलं. कारण काय तर "एवढ्यावर समाधान मानायचं नाही." त्यानंतर तिथे कॅलहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट असे एकामागून एक कोच आले आणि गेले. पेलिनी यांनीही दरवर्षी किमान ९ सामने जिंकून दिले होते, तरी त्यांना जावं लागलं. राष्ट्रीय विजेतेपद दूरच राहिलं, १९९९ नंतर नेब्रास्काला आपल्या विभागाचं विजेतेपदसुद्धा मिळालेलं नाही.

"नावाजलेला कोच आणला की झालं" असं म्हणणाऱ्यांनी टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडे पाहावं. जिम्बो फिशर यांनी फ्लोरिडा स्टेटला २०१३ च्या हंगामाचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्यांना मोठा करार करून आणलं. विजेतेपद काही आलं नाही. २०२३ मध्ये त्यांना काढताना उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं विद्यापीठाच्या अंगावर आलं.

अशी उदाहरणं दोन्ही बाजूंनी देता येतात. म्हणून एकेका गोष्टीवर न थांबता सगळ्यांचा एकत्र हिशोब पाहायला हवा. ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन अभ्यासकांनी १९९७ ते २०१० या काळातल्या संघांचा तसा अभ्यास केला. कोच बदललेल्या संघांची तुलना त्यांनी तशाच कामगिरीच्या, पण कोच न बदललेल्या संघांशी केली. निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. अगदी तळाच्या संघांना बदलाने फारसा फरक पडला नाही. आणि मध्यम कामगिरीच्या संघांनी कोच बदलला, तेव्हा पुढची काही वर्षं ते न बदललेल्या संघांपेक्षा मागेच पडले.

असं का व्हावं? एक कारण आपल्या वर्गातही दिसतं. घटक चाचणीच्या दिवशी एखादं मूल तापाने फणफणलेलं असतं, त्याला २० पैकी ६ गुण पडतात. पुढच्या चाचणीत ते आपोआपच आपल्या नेहमीच्या गुणांवर येणार. पण मधल्या काळात पालकांनी क्लास बदलला असेल, तर सगळं श्रेय नव्या क्लासला जातं! संघाचंही तसंच. एखादं वर्ष दुखापती आणि थोडक्यात हुकलेले सामने यांमुळे वाईट जातं. पुढच्या वर्षी संघ सावरतो तो बऱ्याचदा कोचमुळे नाही, तर दुर्दैव सरल्यामुळे.

दुसरं कारण म्हणजे बदलाची किंमत. कोच गेला की त्याचे सहायक जातात, खेळण्याची पद्धत बदलते, त्याच्या भरवशावर आलेले खेळाडूही दुसरं कॉलेज शोधतात. घडी पुन्हा बसवण्यात दोन-तीन वर्षं जातात आणि तेवढ्यात लोकांचा धीर सुटतो.

आणि धीर धरला तर? ओहायो स्टेटचा संघ नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशिगनकडून १३-१० असा हरला. या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा तो सलग चौथा पराभव. "रायन डे यांना काढा" अशी ओरड झाली. त्यांना काढलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये तोच संघ, तोच कोच राष्ट्रीय विजेता झाला.

माझं मत असं, की निव्वळ माणूस बदलणं हा उपाय नाही. सिग्नेटी एकटे आले नाहीत. आपले सहायक, आपल्या जुन्या कॉलेजमधले खेळाडू आणि ठरलेली पद्धत घेऊन आले. सेबन यांना ७-६ नंतरही वेळ मिळाला. नेमकं काय बिघडलंय हे कळलं असेल, नव्या माणसाकडे त्याचं उत्तर असेल आणि त्याला साधनं व वेळ द्यायची तयारी असेल, तर जरूर बदला. नुसता राग काढायला बदलणार असाल, तर थांबा. शेवटी विजेता दरवर्षी एकच असतो. सगळ्यांनी कोच बदलले तरी एकच राहणार.

पालकहो, मुलाची शाळा, क्लास किंवा बाई बदलण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारा. "कोण बदलायचं?" हे नंतर. "काय बदलायचं?" हे आधी.