यादी गेली, फ्लेक्स आले

दहावीचा निकाल लागला की चिंचोळी एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि शहरातल्या चौकाचौकांत फ्लेक्स चढतात. नव्वद टक्क्यांच्या वर गेलेल्यांचे फोटो, खाली दहा-बारा शुभेच्छुक. शुभेच्छुकांचे फोटो मुलांपेक्षा मोठे, ते असू द्या. आम्हा उर्दू शाळांतल्या मास्तरांचा सवाल वेगळा आहे. त्याच वर्गातली बाकीची पन्नास मुले कुठे गेली?

राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली त्याला पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. मुलांवरचा ताण कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण यादी कागदावरून गेली, डोक्यातून गेली नाही. त्या यादीला निदान नियम होता. पेपर सगळ्यांना एक, तपासणारा अनोळखी. विणकराची मुलगी आणि वकिलाचा मुलगा एकाच मापाने मोजले जात. आता मोजमाप मोहल्ल्यात होते आणि त्याला कसलाच नियम नाही. कोणाचे मूल इंग्रजी माध्यमात, कोणाच्या दारात पिवळी बस थांबते, यावर खानदानाची इज्जत ठरते.

चिंचोळीत पाळी करणाऱ्या बापांकडे पाहा. कायम कामगार आणि ठेकेदाराचा माणूस शेजारी शेजारी घाम गाळतात, पण दोघांचा दर्जा वेगळा. कारखान्यातली ही कमी ठेकेदाराचा माणूस घरी इंग्रजी शाळेच्या फीने भरून काढू पाहतो. कर्ज काढतो. दोन-तीन वर्षांत फी थकते आणि मूल आमच्या वर्गात येऊन बसते. उर्दू वाचता येत नाही, इंग्रजी समजलेली नाही. वर गल्लीचा शिक्का, ‘तिथं जमलं नाही’. अशा मुलात अभ्यासाची उमेद पुन्हा जागी करायला किती दिवस लागतात, हे फ्लेक्सवाल्यांनी एकदा येऊन पाहावे.

‘स्पर्धा नसेल तर मुले हातपाय हलवणार नाहीत,’ असे आम्हाला ऐकवले जाते. कोणती मुले? साठांच्या वर्गात पहिल्या नंबरासाठी झगडतात चार-पाच. चाळिसाव्या नंबरच्या मुलाला सहामाहीतच कळते की हा खेळ आपला नाही. मग तो जिंकता येईल असा खेळ शोधतो. बुलेटचा आवाज, मोबाइलची किंमत, मास्तराला उलट उत्तर. त्याला आळशी म्हणून मोकळे होऊ नका. इज्जत त्यालाही हवी आहे. आपण ती एकाच दुकानात ठेवली, तीही त्याला न परवडणाऱ्या भावात.

यंत्रमागाचा हिशेब यापेक्षा सरळ आहे. चादरी, टॉवेल किती उतरले त्यावर मजुरी. ती तुटपुंजी आहे, तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण काल किती आणि आज किती, हे कामगाराला स्वतःला कळते. आमच्या प्रगतिपुस्तकात नेमके हेच दिसत नाही. 41 ते 50 गुणांना क-2 श्रेणी. 41 वरून 49 वर आलेले मूल घरी जाऊन सांगणार काय? गेल्या वर्षी क-2, यंदाही क-2!

आता तर शाळाच रांगेत उभ्या आहेत. 2023-24 मध्ये ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेत राज्यात पहिल्या शाळेला 51 लाख होते. शिक्षकाने पुरस्कारासाठी स्वतःची फाइल स्वतःच भरायची. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ जिंकले, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना देऊन टाकली. बातमी सगळ्यांनी वाचली, टाळ्याही वाजवल्या. नंबर मात्र पूर्वीसारखेच लागत राहिले.

तेव्हा यंदाच्या गुणगौरव समारंभासाठी जमातीच्या मंडळींनी आमच्याकडे नव्वदच्या वरची यादी मागू नये. आम्ही 38 वरून 57 वर आलेल्यांची नावे पाठवू. शाल आणि स्मृतिचिन्ह त्यांना द्यायचे नसेल, तर मंडपाचा खर्चही वाचवावा.