आधी नाव विसरतो, मग नियम

शाहूराज बिराजदार कोण, हे गूगल न करता सांगा. चिंचवड स्टेशनच्या चौकात कुणालाही विचारून बघा. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात, म्हणजे ५४ किलोंच्या मर्यादेत, भारताकडून रिंगमध्ये उतरलेले ते बॉक्सर. २००२मध्ये ध्यानचंद पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं.

मुरलीकांत पेटकर मात्र आपल्याला माहीत असतात. सैन्यातला हा बॉक्सर १९६५च्या युद्धात जखमी झाला, १९७२च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला आणि पुढे आपल्या टेल्कोत नोकरीला होता. तरी घराघरांत नाव पोचायला २०२४चा ‘चंदू चॅम्पियन’ यावा लागला. ज्यांच्यावर सिनेमा निघत नाही, त्यांचं काय?

कृतघ्नपणा म्हणून हे सोडूनही दिलं असतं. पण बॉक्सर विसरला की त्याने डोक्यावर काय झेललं, तेही विसरलं जातं. मग ‘पोरं हलकी आहेत, ठोशाने काय होतंय’ असं बिनधास्त बोललं जातं.

जॉनी ओवेनही हलकाच होता. वेल्समधल्या मर्थर टिडफिल या लोखंड-कोळशाच्या गावचा बँटमवेट. १९ सप्टेंबर १९८० रोजी लॉस एंजेलिसमध्ये लुपे पिंटोरविरुद्ध बाराव्या फेरीत कोसळला. शुद्धीवर आलाच नाही. ४ नोव्हेंबरला गेला. वय २४. ठोशाने डोकं झटक्यात फिरतं, मेंदूवरच्या बारीक शिरा तुटतात, आत रक्त साचतं. बाहेरून खरचटलेलंही दिसत नाही.

म्हणूनच हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्याला मार लागून नॉकआउट झालेल्याला किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती आहे. पण हा नियम स्पर्धेत पाळला जातो, कारण तिथे डॉक्टर असतो, नोंद असते. पत्र्याच्या शेडमधल्या संध्याकाळच्या स्पारिंगला ना डॉक्टर, ना नोंद. चक्कर आली तर पाणी मारायचं आणि पुन्हा उभं करायचं. वर वजन बसवण्यासाठी पोराने दोन दिवस पाणी तोडलेलं.

मर्थरमध्ये २००२ साली ओवेनचा पुतळा उभा राहिला. अनावरण खुद्द पिंटोरने केलं. आपल्याला पुतळा नको. प्रत्येक जिममध्ये एक वही हवी: कुणाच्या डोक्याला कधी लागलं, तो परत कधी उतरणार. तुमच्या जिममध्ये ती नसेल, तर आज सरांना विचारा. सर हसले, तर ग्लोव्हज काढा.