टाके निघाले, तरी तपासणी हवीच

तान्हेपणी आतड्याची शस्त्रक्रिया झालेले मूल हसतेखेळते असेल, तर पुन्हा डॉक्टर कशाला, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सवाल पटला नाही. बहुतेक मुले चांगली वाढतात, हे खरेच. पण लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. यकृतातला साठा पुरतो तोवर काही कळत नाही. अशक्तपणा, हातापायांना मुंग्या काही वर्षांनी सुरू होतात. रक्त तपासले तर सापडते, इंजेक्शनने सावरते. हिर्शस्प्रुंग या आतड्याच्या जन्मजात आजारात शस्त्रक्रियेनंतरही बद्धकोष्ठता किंवा नकळत कपडे खराब होणे शाळेच्या वयापर्यंत राहू शकते. त्याला आळस समजून मुलाला मारणारे आहेत! पोटात आतडी एकमेकांना चिकटून कधीही अडू शकतात: हिरवी उलटी, पोटफुगी दिसताच रुग्णालय गाठावे.

भिवंडीत खरी अडचण कागदांची. यंत्रमाग कामगाराचे कुटुंब खोली बदलते, गावी जाते, मुंबईतल्या शस्त्रक्रियेची फाइल हरवते. कोणते आतडे, किती काढले, हे पोटावरचा व्रण सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये शेजारच्या पालघरमधूनच सुरू झाला. म्हणून अंगणवाडीत, शाळेत तपासणीला येणाऱ्या त्याच्या पथकाला ही शस्त्रक्रिया आवर्जून सांगा. आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा.

– एक वाचक, भिवंडी